सुमनची गोळी आणि माझी किटली

माझ्या बायकोच्या, सुमनच्या थायरॉइडवर डॉक्टरीणबाई आणि मी असे दोघं मिळून उपचार करत होतो. डॉक्टरीणबाईंना मात्र माझ्या वाट्याच्या उपचारांची कल्पना नव्हती.

सुमनच्या गळ्यातली ग्रंथी सुस्तावली होती. तिच्याकडून जो हार्मोन कमी पडतो, तोच रोज सकाळी गोळीतून द्यायचा, एवढं साधं काम. "गोळी उपाशीपोटी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढेही काहीतरी सांगत होत्या, पण तोवर मी मान डोलावून उठलो होतो. (पूर्ण ऐकण्याआधीच समजणं हा माझा जुना गुण!)

आता कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहणारा माणूस बायकोला नुसत्या पाण्याबरोबर औषध देईल? मी पहाटे किटली घेऊन शेजारच्या गोठ्यावर हजर! डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून घ्यायची आणि फेस बसायच्या आत घर गाठायचं.

"अवो, बाई उपाशीपोटी म्हणाल्यात की!" सुमन कुरकुरायची.

"दूध म्हंजे काय जेवान हाय व्हय? पी गप!"

दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर टीएसएचचा आकडा वाढलेला, म्हणजे औषध कमी पडतंय. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. एवढी गोळी उष्ण पडेल म्हणून मी दूध वाढवलं. पुन्हा तपासणी, आकडा आणखी वर! गोळी पुन्हा वाढली. मी काय हार मानतोय! पेल्याच्या जागी तांब्या आणला.

सुमन मात्र मंदावतच चालली. भर मे महिन्यात स्वेटर घालायची, भाजी निवडता निवडता पेंगायची. एके दिवशी मी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि ती चक्क काहीच बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी मनापासून घाबरलो आणि तिला घेऊन तडक दवाखाना गाठला.

"गोळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिस न्हाय!" मी छाती फुगवली. "मी सोता देतोय, ताज्या दुधासंगं!"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दुधासोबत? अहो, दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच धरून ठेवतं. मग औषध रक्तात पोचणार कसं? हार्मोन कमी पडला की मेंदू त्या ग्रंथीला हाका मारत राहतो. हा वाढलेला आकडा म्हणजे त्या हाका आहेत!"

सुमन सावकाश माझ्याकडे वळली. "म्हंजे मेंदू तिकडं वरडत हुता, आन् तुम्ही म्हशीकडं पळत हुता?"

आता औषध अंगी लागणार म्हणून गोळी पुन्हा पहिल्या मापावर आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ठळक अक्षरात लिहून दिलं, 'गोळी पाण्याबरोबर. नंतर एक तास चहा, दूध वर्ज्य.' सुमनने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

दोन महिन्यांत आकडा जागेवर आला आणि सुमनचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. मला इतका आनंद झाला, की काय बोलते ते ऐकलंच नाही!

पुढच्या तपासणीला ती तो कागद सोबत घेऊन आली. 'चहा, दूध' याच्यापुढे तिने स्वतःच्या अक्षरात 'व नवरा' असं लिहिलं होतं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई ते खोडतील. त्यांनी शेजारी सही केली आणि वर शिक्का मारला!