अलॉयचं चाक आणि मागून चालत आलेली डोली

मंडळी, मागच्या महिन्यात याच ग्रुपवर विचारलं होतं, डांबरी आणि कच्चा अशा दोन्ही रस्त्यांवर चालवायच्या मोटरसायकलला कोणती चाकं घेऊ. सगळे म्हणालात, अलॉय आणि ट्यूबलेस. तीच बसवली.

आज सकाळी आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर शेजारच्या काशिनाथदादाला साप चावला. पाड्यापासून डांबरीपर्यंत नुसती दगडांची वाट. दादाला मध्ये बसवलं, मागे त्याचा भाऊ सोमा त्याला धरून बसला.

निघालो तर पाड्यावरचे चार जण आजाऱ्याला उचलून न्यायची डोली रिकामीच खांद्यावर घेऊन गाडीमागे चालू लागले. आमच्याकडे ही रीतच आहे. गाडीच्या भरवशावर कोणी आजारी माणसाला एकटं सोडत नाही. मला राग आला. म्हटलं, "नवी चाकं आहेत, कशाला येता?" ते मागून चालतच राहिले.

ओढ्याच्या उतारावर पुढचं चाक दगडावर आदळलं, रिमला तडा गेला आणि हवा गेली. तारांचं, स्पोकचं चाक असतं तर नुसतं वाकलं असतं, ठोकून पुढे तरी नेलं असतं.

डोली येईपर्यंत दादाला हाका मारत बसलो. मग सोमा म्हणाला, "तू गाडीपाशी थांब. आम्ही नेतो."

संध्याकाळी दवाखान्यातून त्याचा फोन आला. दादाला श्वासाचं मशीन लावलंय. डॉक्टर विचारत होते, इतका उशीर का केला.

तुमच्यातल्या एकानेही तेव्हा विचारलं नाही, कच्चा रस्ता म्हणजे कसा. सल्ला देताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता रस्ता होता?