उरलेला बर्फ

चॅम्पियनचं वय तीन ठिकाणी तीन वेगळं होतं. रिंगमध्ये माईकवरून सांगायचे अडतीस. बर्फाच्या कारखान्यातल्या हजेरीबुकात होतं बेचाळीस. आणि बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "जन्मदाखल्यावर सेहेचाळीस, गुडघ्यांना विचाराल तर साठ." नाव मात्र सगळीकडे एकच. दूधवाला, न्हावी, कारखान्याचा मुकादम, सगळे त्याला चॅम्पियनच म्हणत. बसचा कंडक्टरसुद्धा "चॅम्पियन, जरा पुढे सरका" म्हणायचा, आणि हा छाती काढून पुढे सरकायचा.

शहराचा बॉक्सिंगचा पट्टा त्यानं पहिल्यांदा जिंकला त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मधे दोनदा तो गेला, दोनदा यानं परत आणला. लोक म्हणायचे, आता पुरे. वर्तमानपत्रातल्या एका पोरानं तर 'सूर्यास्ताकडे' असा मथळा दिला होता. चॅम्पियननं ते पान बुटात घालून बूट वाळवले आणि पुढची लढत जिंकली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून धुमसत होता.

पोटासाठी तो बर्फ काढायचा. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून डबे वर घ्यायचे, साध्या पाण्यात बुडवून लादी सुटी करायची, आकड्यानं ओढत गाडीपर्यंत न्यायची. तेवीस वर्षं हेच काम. लढतीच्या दिवशी सकाळी मुकादम त्याला तुटलेल्या लादीचा मोठा तुकडा द्यायचा. भुशात घोळवून, गोणपाटात गुंडाळून तो तुकडा घरी यायचा आणि मोरीजवळच्या निळ्या बादलीत बसून राहायचा. संध्याकाळी चॅम्पियन घरी आला की बायको बत्त्यानं बर्फ फोडायची, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि त्याला शेकायला बसायची.

बायको शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. बावीस वर्षांत तिनं एकही लढत पाहिली नव्हती. "मला नको तो तमाशा," म्हणायची. पण नवऱ्याचं अंग तिला कापडासारखं वाचता यायचं. फासळीवर बोटं फिरवून सांगायची, "हा तुमच्यापेक्षा ठेंगणा होता." डोळ्याखालची सूज बघून म्हणायची, "इथे तुम्ही हात खाली सोडलात." आणि ते बरोबर असायचं. वस्ताद, म्हणजे क्लबात सगळ्यांना शिकवणारा सत्तरीचा म्हातारा, एका कानानं बहिरा, तो म्हणायचा, "लढत मी बघतो, पण कळते तुझ्या बायकोला."

गेल्या वर्षभरात चॅम्पियन तीन लढती लढला आणि तिन्ही जिंकला. तिसरी डावऱ्याशी होती. डावरा ट्रकचे टायर काढायचा. चोवीस वर्षांचा, डाव्या हाताचा, आणि तो डावा हात म्हणजे पहार. चॅम्पियननं त्याला पॉइंटवर हरवलं. टाळ्या झाल्या, कुणीतरी खांद्यावर घेतलं, कंबरेला पट्टा बांधून तो घरी आला. बायकोनं फडकं दोनदा फिरवलं आणि उठली. चॅम्पियन हात धुवायला मोरीत गेला, तेव्हा बादलीत बर्फाचा तुकडा जवळजवळ होता तसाच होता.

"बर्फ उरला," तो म्हणाला.

"चांगलंच आहे की," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला वळली. वळली जरा लवकरच.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना तो खोकला. उजव्या कुशीत काहीच दुखलं नाही. मुद्दाम जोरात खोकला. मग हसून पाहिलं, वाकून पाहिलं, शेवटी स्वतःच्या फासळीवर मूठ मारून पाहिली. त्या मुठीनं मात्र दुखलं. डावऱ्याची डावी याच कुशीत तीनदा बसल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. ती डावी खरी बसली असती तर आठवडाभर शिंकतानाही देव आठवला असता.

मग त्याला मागच्या दोन लढती आठवल्या. तेव्हाही बर्फ उरला होता, आणि तेव्हा त्यानं बायकोसमोर फुशारकी मारली होती, "मी आता इतका चपळ झालोय की कुणाचा हात लागतच नाही." सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस चपळ होतो, यावर विश्वास ठेवायला माणूस मूर्ख तरी हवा नाहीतर चॅम्पियन. त्याला स्वतःचीच लाज वाटली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानं खिळ्यावरचा पट्टा काढला, पिशवीत घातला आणि कामावर जायच्या आधी क्लबात गेला. क्लब म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. वस्ताद एकटाच दोरखंडांवरची धूळ पुसत होता.

"डावऱ्यानं हात राखला का?" चॅम्पियननं त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन विचारलं.

"काय?"

"चांगल्या कानात बोललोय, वस्ताद. ऐकू आलंय तुम्हाला."

म्हाताऱ्यानं फडकं दोरखंडावर टाकलं. "राखला. तिघांनीही राखला. मीच सांगितलं होतं."

"का?"

"ते घरी विचार."

त्या दिवशी चॅम्पियननं कारखान्यात दोन लाद्या उतारावरून सोडून दिल्या आणि दोन्ही फुटल्या. मुकादमानं तुकडे स्वतःच गोळा केले. चॅम्पियनचं तोंडच तसं होतं.

संध्याकाळी बायको खिडकीपाशी शर्टाला काजं घालत बसली होती. यानं पट्टा तिच्यासमोर ठेवला. "हा कुणी जिंकला?"

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "मी क्लबात गेले होते. एकदाच. वस्तादांच्या पाया पडले."

"माझ्या पाठीमागे?"

"या तिघांच्या आधी त्या पोस्टमनशी लढून आलात, ती रात्र आठवते तुम्हाला?"

"आठवते. हरलो. जेवलो, झोपलो."

"नाही आठवत," ती म्हणाली. "जेवताना तुम्ही विचारलंत, आई जेवली का. मी म्हटलं, काय बोलताय. परत विचारलंत, आई जेवली का. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं. म्हटलं, जेवल्या, झोपल्या. तेव्हा कुठे तुम्ही घास उचललात. मी रात्रभर तुमच्या छातीवर हात ठेवून बसले होते."

चॅम्पियन खाली बसला. त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला न दिसलेला ठोसा बसला होता. तो घाबरला. खूप घाबरला. पण त्या भीतीच्या शेजारीच दुसरं काहीतरी उभं होतं आणि ते हटायला तयार नव्हतं.

"तू मला जिंकवलंस," तो म्हणाला.

"मी तुम्हाला घरी आणलं."

दोघंही खरं बोलत होते. भांडणात तेच वाईट असतं. त्यानं पट्टा उचलून मांडीवर घेतला.

"हे बघ," तो म्हणाला, "हरलो असतो तर चाललं असतं. हरलोय मी आधी. पण तीन पोरांनी आपल्या म्हाताऱ्या आजोबाला रस्ता ओलांडून द्यावा तसा मला पट्टा दिला, आणि मी तो मिरवला. आता थांबलो तर हेच माझं शेवटचं राहील. एक खरी लढत होऊ दे. हरलो तर हरलो."

"आणि परत आईला जेवायला वाढायची वेळ आली तर?"

"डॉक्टरला दाखवतो. तो नाही म्हणाला तर कानाला खडा."

डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेषेवरून चालवलं. फोटोत काही वावगं नव्हतं. "एक लढत," डॉक्टर म्हणाला. "मग परत माझ्याकडे यायचं. आणि माझं ऐकाल तर बुद्धिबळ खेळा."

"त्यात तर मी पहिल्याच फेरीत आडवा होईन," चॅम्पियन म्हणाला.

बायकोनं मात्र एक अट घातली. लढत चार फेऱ्यांची. ती कोपऱ्यात स्टूलापाशी उभी राहणार. प्रत्येक फेरी संपली की ती घरातला एक प्रश्न विचारणार. उत्तर चुकलं की लढत तिथेच थांबणार, आणि यानं हूं की चूं करायचं नाही. वस्ताद म्हणाला, असं कधी झालं नाही. ती म्हणाली, आता होईल.

राहिला डावरा. पट्टा त्याच्यासमोर ठेवून चॅम्पियन म्हणाला, "हा तुझा किंवा माझा. पण एक ठोसा जरी राखलास तर मी तिथेच हातमोजे काढून चालू लागेन, आणि पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही."

"काका, असं नका करायला लावू," डावरा रडकुंडीला आला. "हातावर पट्ट्या बांधायला तुम्ही शिकवलंत मला."

"मग त्या बांधल्या कशासाठी? हात झाकायला?"

पुढचे सात आठवडे तो पहाटे दोरीउड्या मारायचा, दिवसभर लाद्या ओढायचा, संध्याकाळी गोदामात घाम गाळायचा. गुडघे कुरकुरायचे. तो त्यांना म्हणायचा, "आणखी थोडे दिवस, मग मिटवा तुमचं गाऱ्हाणं."

लढत रविवारी दुपारी होती. गोदाम भरलं होतं. बायको कोपऱ्यात उभी होती, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर शिंप्याला चुकलेलं माप दाखवतानाचा भाव. घंटा झाली.

पहिल्याच मिनिटाला डावऱ्याची डावी त्या उजव्या कुशीत बसली, आणि चॅम्पियनला श्वास कुठून घ्यायचा तेच कळेना. डोळ्यांत पाणी आलं. पण मनात आलं, हां, ही खरी. त्यानं दोन सरळ ठोसे डावऱ्याच्या नाकावर दिले. पोरानं डोळे विस्फारले आणि मग त्याच्याही नजरेतलं 'काका' गेलं.

फेरी संपली. तो स्टूलावर टेकला. बायकोचे ओठ पांढरे पडले होते.

"किल्ली कुठे ठेवतो आपण?"

"कुंडीखाली." मग दम घेऊन, "नाही, कुंडी फुटली. मीटरच्या पेटीत."

"जा."

दुसरी फेरी चॅम्पियनची. अनुभव म्हणजे दुसरं काय, कमी हलायचं आणि समोरच्याला जास्त हलवायचं. डावरा धावून दमला. लोक ओरडू लागले.

"मोरीचा नळ कुठल्या बाजूनं बंद होतो?"

"उलट्या. तूच बसवलास तो." शेजारी वस्ताद हसला आणि मग खोकत राहिला.

तिसऱ्या फेरीत वय आलं. सांगून येत नाही ते. पाय जड झाले, हात अर्धी वीत खाली आले आणि त्या अर्ध्या वितीतून डावऱ्याची डावी आत शिरली. भुवई फुटली. चॅम्पियन दोरखंडाला टेकला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा टेकला. गुडघा खाली टेकवला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्यानं टेकवला नाही. घंटा झाली तेव्हा तो चुकून डावऱ्याच्या कोपऱ्याकडे निघाला, आणि डावऱ्यानंच त्याला खांद्याला धरून वळवलं.

हे बायकोनं पाहिलं. वस्ताद भुवईवर फडकं दाबत होता. ती खाली वाकली, नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत त्याला ती रात्र दिसली, त्याला न आठवणारी.

"आपल्या लग्नाची तारीख?"

चॅम्पियन तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. वस्तादानं मान खाली घातली.

"अगं," चॅम्पियन सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "ती मला कधी आठवली आहे?"

बायको हसली. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "डोकं शाबूत आहे," ती वस्तादाला म्हणाली. "सोडा ह्यांना."

चौथी फेरी तो हरत हरत लढला. पण उभा राहून लढला. शेवटच्या दहा सेकंदांत त्याचा एक उजवा ठोसा डावऱ्याच्या हनुवटीवर असा बसला की पोराचे दोन्ही गुडघे थरथरले. पंचांनी डावऱ्याचा हात वर केला. चॅम्पियननं स्वतः त्याच्या कंबरेला पट्टा बांधला. बांधताना फासळी इतकी दुखली की कळ मस्तकात गेली. तरी त्याला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बसमध्ये कंडक्टरनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बसा चॅम्पियन." पट्टा गेला, नाव काही गेलं नाही.

घरी आल्यावर तिनं बर्फ फोडला. भुवई, गाल, उजवी कूस, दोन्ही हातांची बोटं. फडकं भिजलं की पिळायची, पुन्हा भरायची. आज वाचायचं काही उरलं नव्हतं, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. खिडकीत अजून थोडं ऊन होतं. तिनं पुन्हा बादलीत हात घातला. हाताला नुसतं पाणी लागलं.

"संपला," ती म्हणाली.

चॅम्पियन एका उघड्या डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. मनातलं विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. डावऱ्यापुढे उभं राहणं त्यापेक्षा सोपं होतं.

तिनं फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "आधी डॉक्टर. तो हो म्हणाला, तर मुकादमांना सांगून ठेवा. पुढच्या वेळी दोन बादल्या लागतील."