भोयर काकांचं ‘नाही’

परवा सकाळी भिलाईतल्या जुनवानीच्या घरी लॅपटॉप उघडून कामाला बसते न बसते तोच भोयर काका दारात... बाबांचे स्टील प्लांटातले जुने सोबती. उतईहून स्कूटरवर आले होते, मागे लेक प्रणाली, चेहरा अगदी रडवेला.

रायपूरच्या नर्सिंग होस्टेलचा ऑनलाइन फॉर्म, शेवटचा दिवस आणि सबमिटचं बटण काही केल्या दबेना! पावर हाउस भागातल्या, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवाल्याने ‘सर्व्हर डाउन’ म्हणून हात वर केले होते. होस्टेल नाही तर रोज उतई-रायपूर करणं काही तिला झेपलं नसतं, म्हणजे कॉलेजच सुटलं असतं.

मी वेबसाइटी बनवण्याचंच काम करते, त्यामुळे जरा ऐटीतच फॉर्म उघडला. ‘वडील नोकरीत आहेत का?’ हा प्रश्न मी वाचते तोच काका म्हणाले, “हो कर. प्लांटात आहो मी.”

काकांना रिटायर होऊन वर्ष उलटून गेलंय... पण आमच्या भिलाईत ‘प्लांटात होतो’ असं कोणी म्हणतच नाही. कितीही म्हातारे होवोत, सगळे अजून प्लांटातच!

‘हो’ केल्याबरोबर खाली रकाने उघडले. कर्मचारी नंबर काकांनी घडाघडा सांगितला, पण ओळखपत्राची संपलेली मुदत फॉर्म घेईना. मग उत्तर बदलून ‘नाही’ केलं. रकाने गायब... आणि बटण ढिम्म!

तेव्हा माझी ट्यूब पेटली. रकाने दिसत नव्हते, तरी फॉर्म त्यांच्यावरच अडून बसला होता. ‘हो’ म्हटलं की ते भरणं सक्तीचं, पण उत्तर बदलल्यावर ती सक्ती काढायला बनवणारा विसरला होता. सेंटरवरही हेच झालं असणार. मी पान नव्याने उघडलं. आता पहिल्याच फटक्यात ‘नाही’ केलं की काम होणार होतं.

“पापा, अब तो ‘नाही’ बोल दो ना,” प्रणाली म्हणाली. काकांसाठी मला फार वाईट वाटलं... मग त्यांनीच खुर्ची पुढे ओढली. “माउस इकडं दे, मीच करतो.” आणि ‘नाही’वर क्लिक केलं.

फॉर्म गेला! प्रणाली आनंदाने ओरडलीच. मी कॉलेजला चूक कळवली, संध्याकाळी दुरुस्त केल्याचा मेलही आला. बरं वाटलं, आणखी कोणाची पोर अडायला नको.

निघताना काका म्हणाले, “बेटा, हिच्या नोकरीचा फॉर्मबी तुयाकडूनच भरून घेईन. तयार राहाजो.”

काका, त्या दिवसाची मी आत्तापासून वाट बघतेय...