झरीच्या सोयरिकीची तहकिकात

पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती, तरी परभणीकडच्या खेड्यांत परक्यानं "अमका माणूस कसा आहे हो?" असं विचारलं की तोंडं शिवल्यासारखी बंद व्हायची. अशा विचारण्यानंतर माणसं उचलली गेलेली लोकांनी बघितली होती. आणि माझी नोकरी नेमकी हेच विचारण्याची. विमा कंपनीत मी नवा इन्स्पेक्टर. कुणाला एजंटाचं लायसन्स द्यायचं तर आधी गावात जाऊन तहकिकात करायची : कुणाला फसवलंय का, फौजदारी झालीय का, रझाकारीत कुणाचं घर लुटलंय का.

दोन गावांतून मी कोरा रिपोर्ट आणला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही चौकशीला जाता की मौनव्रताला?" मग झरीचा अर्ज आला. निजामाच्या राज्यात कारकून असलेला माणूस. राज्य गेलं, नोकरी गेली, घरात लग्नाची मुलगी. ते वाचून मला शक्कल सुचली. माझी बहुतेक नुकसानं अशा सुचण्यातूनच झालेली आहेत.

सोयरिकीच्या चौकशीला आमच्याकडं कुणी घाबरत नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न म्हणून लोक खरं तेच सांगतात. मी मामाचा फेटा बांधला, तो कानावर घसरत होता, आणि अर्जदार परभणीच्या बाजाराला गेलेला दिवस बघून झरीत लोहाराच्या भात्याजवळ जाऊन बसलो.

"पाव्हणं कुठले?"

"पूर्णेचे. भाच्यासाठी स्थळ बघायलोय."

"पोरगं काय करतंय?"

"रेल्वेत फायरमन हाय." इथं थांबायचं, तर मी त्याला पक्कं घर दिलं, दोन म्हशी दिल्या, सुपारीचंसुद्धा व्यसन ठेवलं नाही. त्या भाच्याचा मलाच अभिमान वाटायला लागला.

लोहार खुलला. चार माणसं जमली. "घर लय सरळ हाय बघा. रझाकारीत आमच्या बायका त्यानं कडब्यात लपवल्या, सोता मार खाल्ला. पोरगी बी कामाला वाघीण. डोळे झाकून करा!"

रिपोर्ट असा झकास झाला की साहेबांनी पाठ थोपटली. लायसन्स आलं.

ते घ्यायला तो माणूस दफ्तरात आला. त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. कागद खिशात ठेवूनही उठेना.

"सायेब, तुमचं पूर्णेला जाणं-येणं असतंय. रेल्वेतल्या एका पोराचा मामा आमच्या गावात चौकशी करून गेला अन् परत फिरकलाच न्हाई. पाथरीचं स्थळ जमत आलतं, त्यांना मी जरा थांबा म्हणलो. ते बी गेले. आता गाव म्हणायलंय, पूर्णेवाल्यांना ह्या घरात कायतरी खोट दिसली असंल."

खरं बोललो तर नोकरी जाणार. खोट मुलीकडून काढून भाच्याकडं ढकलायला हवी होती. तोंडातून निघून गेलं, "तो फायरमन? अहो, गेला तो. इंजिनाखाली." मेलेल्या मुलानं मुलगी नाकारली असं काही कुणी म्हणणार नाही, असा माझा हिशोब.

तसं कुणी म्हणालंही नाही. गाव म्हणालं, हिचं नाव निघालं अन् पोरगा रुळावर गेला. पांढऱ्या पायाची! मानवतची माणसं वेशीवरूनच परत गेली. जिंतूरच्यांनी निरोपसुद्धा धाडला नाही.

हे त्यानंच मला सांगितलं, पुढच्या खेपेला. आणि म्हणाला, "सायेब, त्या पोराच्या आईला एकदा भेटून यावं म्हणतो. घर दाखवता का?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. तो चिडेल म्हणून मी दाराकडं सरकून बसलो होतो. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी कुणी मेलंच न्हाई?"

"न्हाई."

"मग हे गावात येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी फेटा न बांधता गेलो. लोहाराच्या दारात माणसं जमवून सांगितलं : मी विमा कंपनीचा माणूस, भाचा खोटा, मरण खोटं, मुलीच्या पायात काही नाही. लोहारानं सगळं ऐकून घेतलं. मग भाता सोडून उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, तुमच्या घरचं जवान पोरगं गेलं, अन् दुसऱ्याच्या पोरीसाठी तुमी एवढं खोटं बोलायलात. लय मोठं काळीज हाय तुमचं."

मी शपथा घेतल्या. एका म्हातारीनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "रडून घे बाबा."

त्या उन्हाळ्यात मुलगी सेलूकडच्या एका बिजवराला दिली. तिच्याहून दुप्पट वयाचा, दोन लेकरांचा बाप. मला लग्नाचं बोलावणं होतं. गेलो. मांडवात झरीच्या बायका माझ्याकडं बघून डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि बोहल्यावर मुलगी मान खाली घालून उभी होती.