मातीला पोचण्याइतकं अंतर

गोजराबाई परभणीकडच्या. मुलगा बन्सी अणुवीज केंद्राच्या बांधकामावर विजेच्या कामाला लागला, आणि नवरा गेल्यावर त्या त्याच्याकडे बोईसरला आल्या. बेटेगावात एक खोली घेतली आणि आमच्या कॉलनीत चार घरी पोळ्या करू लागल्या. समुद्र बघायला एकदाच नवापूरला गेल्या. "नुसतं पाणी," परत येऊन म्हणाल्या. "पलीकडचा काठच दिसंना."

त्यांच्या छातीत दुखायचं. पालघरच्या डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. म्हणूनच, वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायला बन्सीचं नाव निघालं, तेव्हा तो नको म्हणाला. वडील गेले तेव्हा त्याला इथून गावी पोचायला दीड दिवस लागला होता. लोकांनी वाट बघून बघून शेवटी अग्नी दिला. आईच्या मातीला तरी आपण असावं, एवढंच त्याचं म्हणणं.

गोजराबाई त्याला ओढतच माझ्याकडे घेऊन आल्या.

"बाई, तुमी कॉलेज शिकल्या. सांगा ह्याला, इमान किती वेळात जातं ते."

मी माझ्या अजयच्या भूगोलाचा नकाशा काढला. अजय अकरावीला आहे, उद्या तोही लांब जाईल. मुंबईवरून बोट पुढे सरकवणं जिवावर आलं. सरळ रेषेत साडेआठ हजार मैल, पण विमान लंडन, न्यूयॉर्क असं थांबत जाणार.

"थांबे धरून दीड दिवस," मी म्हणाले.

"घे! आपल्या गावाएवढंच हाय की. मनमाडला गाडी बदलायची कटकट बी न्हाई."

"अन् तिकीट, माय? विमान काय एस्टीसारखं हात केला की थांबतं?"

"मेल्या, मी हितं पोळ्या लाटते अन् तू रोज माझी तिरडी बांधतूस!"

बन्सीला हसू आलं. मग माझ्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "काकू, खरंच येता येईल?"

गोजराबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"येईल," मी म्हणाले.

परवा तो गेला. आज पोळ्या झाल्यावर गोजराबाई निघाल्या नाहीत, भिंतीला टेकून बसल्या. चेहरा ओढलेला होता.

"बाई, मला काय झालं तर तार करू नका. सगळं आटपलं की मग पत्र टाका."

"अहो, पण मी त्याला..."

"तार मिळाली की धडपडंल ते लेकरू. रजा मागंल, उसनवारी करंल. अन् पोचणार तर न्हाईच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याला 'येईल' म्हणताना तुमी खाली बघितलं की."

मी पाणी आणून दिलं. ते पिऊनही त्या उठेनात. मी काय म्हणते, ते ऐकायला बसून राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर अजय येत होता. माझ्याबाबतीत असं कुणी त्याच्यापासून लपवलं तर, असं मनात आलं. आणि नाही लपवलं तर, असंही.

"बरं," मी म्हणाले. "पत्रच टाकेन."

तेव्हा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या.