आधी चिप, मग सुई

धुकं पडलं की प्लास्टर रुसतं. वाळता वाळत नाही, आजारी माणसाच्या कपाळासारखं ओलसर-थंड पडून राहतं. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा नुसता जिना दिसत होता, इमारतीचा पत्ताच नव्हता. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळीवालीने सात साचे टेबलावर मांडले, एकेकाच्या टाळूवर अंगठा दाबून पाहिला आणि सातही परत गरम पेटीत ढकलले. मग एका खालच्या जबड्याच्या मेणात चौदा दात बसवायला घेतले. सहा बसले तोवर ती तीनदा उठली होती. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकीशी, आणि एकदा उगाच.

तिचं बूड एका जागी टिकत नसे आणि काम नेमकं बसायचं मिळालेलं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात उपटायच्या, मागच्या खोलीत ही ते बनवायची. अठरा वर्षं. खोलीला खिडकी होती एकच, तीही जिन्याकडे उघडणारी. गल्लीतले लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कवळीवाली. दोन्हीला ती सारखीच ओ देई. तिने केलेला दात खरा की खोटा हे सांगणं नवऱ्यालाही जमत नसे, आणि नवरा तर रोज समोर बसून जेवायचा, आणि तिच्या स्वतःच्या तोंडात तिनेच केलेले दोन दात होते.

तिच्या डोक्यात प्रवासाचं खूळ घातलं ते एका ट्रकवाल्याने. वरची कवळी घ्यायला आला होता. ती घासून होईस्तोवर बसून राहिला आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने पेन्सिलीने एक घाट काढून दाखवला. अठ्ठेचाळीस वळणं. "वर पोचलात की खाली बघायचं ताई," तो बोबडं बोलला, कारण दात अजून तिच्या हातात होते. "आपण आलो तो रस्ता खाली सांडलेल्या दोऱ्यासारखा पडलेला दिसतो. वाटतं, ह्याच्यावरून आपण आलो?" तो घाट चौथ्या देशात होता. मध्ये तीन देश.

त्याला आता नऊ वर्षं झाली. पुठ्ठा तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा सासऱ्यांचं आजारपण, एकदा गाडीच विकावी लागली, दोनदा रजाच मिळाली नाही. यंदा मात्र घोडं गंगेत न्हालं म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे दिले, जुनी का होईना पण मागे झोपता येईल अशी गाडी आली, आणि दोन्ही कुत्री बरोबर नेता येतात हे कळलं. कुत्र्यांशिवाय जायचा प्रश्नच नव्हता. थोरला तेरा वर्षांचा, त्याचं नाव आजोबा. मागे ती एका लग्नाला दोन दिवस गेली होती तेव्हा त्याने भांड्याला तोंड लावलं नव्हतं. धाकटी दोन वर्षांची, तिचं नाव भिंगरी, आणि ते कुणी ठेवलं नव्हतं, तिने मिळवलं होतं.

निघायला नऊ आठवडे होते. त्या दिवशी अकरा वाजता दोन्ही कुत्र्यांना नेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे त्यांचे कागद तपासून घ्यायचे, मग पंधरा दिवसांनी सरकारी साहेबाचा शिक्का. कवळीवाली साडेदहालाच एप्रन काढून दारात उभी होती.

"आठ दात राहिलेत ना अजून?" डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या.

"दुपारी बसवते. त्या आजी कुठं पळून चालल्यात."

"पळणारी तू आहेस. जा."

डॉक्टरबाईंच्या टेबलावर भिंगरीचे कागद अर्ध्या मिनिटात झाले. आजोबाच्या कागदावर मात्र त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मग आजोबाच्या मानेवरून यंत्र फिरवून कातडीखालच्या चिपचा आकडा वाचला आणि पुन्हा कागद वाचला.

"ह्याला लस तीन तारखेला दिली," त्या म्हणाल्या. "आणि चिप पाच तारखेला बसवली."

"हो. मीच सांगितलं तसं. तुम्ही रजेवर होतात, दुसरे डॉक्टर होते."

"तुम्ही सांगितलंत? का?"

कवळीवालीला कारण सांगताना काही वाटलं नाही, इतकं ते तिच्या लेखी सरळ होतं. दातांच्या दवाखान्यात भित्रा पेशंट आला की पहिल्या दिवशी त्याला बारीकसं काहीतरी करून घरी पाठवतात. तोंड उघडायची भीती मोडली की मग दोन दिवसांनी मोठं काम. चिपची सुई जाड असते, लसीची बारीक. आजोबा सुईला थरथरतो. म्हणून आधी बारीक, मग जाड. भिंगरीचं काय, तिला दोन्ही एकाच दिवशी टोचलं आणि तिने डॉक्टरांचा बूट चाटला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माणसाच्या दाताला ठीक आहे हो. पण सीमेवर साहेब काय बघतो, लस दिली ती ह्याच कुत्र्याला कशावरून? चिप असेल तरच कुत्र्याला ओळख. चिपच्या आधीची लस म्हणजे ती कुणालाही दिलेली असू शकते. कागदोपत्री ह्याला लस दिलेलीच नाही."

"पण दिली आहे. माझ्यासमोर दिली. मी डोकं धरलं होतं."

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. आज पुन्हा लस टोचायची. एकवीस दिवस थांबलं की पहिले तीन देश उघडे. पण चौथ्याचा कायदा वेगळा. तिथे लसीनंतर महिन्याने रक्त तपासून घ्यायचं आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. भिंगरीचं ते सगळं वेळेत झालेलं होतं. आजोबाचंही रक्त तेव्हाच काढलं होतं, पण लसच बाद म्हटल्यावर तेही बाद. आजोबाचं व्हायचं म्हणजे चार महिने, आणि तोवर घाटावर बर्फ पडून रस्ता बंद.

"पुढच्या उन्हाळ्यात जा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग आजोबाच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि पुढच्या उन्हाळ्याचं नाव परत काढलं नाही.

"टोचा," कवळीवाली म्हणाली. तिने त्याचं डोकं आपल्या काखेत धरलं. तो थरथरला, पण कण्हला नाही. ते तिला जास्त लागलं.

घरी आली ती स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा फेऱ्याच घालत. सासूबाई टेबलाशी बसून उकडलेला बटाटा सोलत होत्या. त्यांच्या तोंडात सुनेचीच कवळी होती, आणि तिच्यात पुढच्या दोन दातांवर चहाचा पिवळट डाग होता. तो त्यांनी मुद्दाम रंगवून घेतला होता. ह्या वयात पांढरेशुभ्र दात म्हणजे लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "फरशी झिजली. काय झालं?"

तिने सांगितलं. सासूबाईंनी बटाटा खाली ठेवला.

"दोन दिवसांचा फरक? पाचाचे तीन करायचे, एवढंच ना?"

"आई."

"आई काय. माझ्या दातावर नसलेला डाग तू रंगवलास, तो माझ्या बहिणीलाही ओळखू आला नाही. एका आकड्याचं काय घेऊन बसलीस? तो साहेब कागद बघणार, दुर्बीण लावणार थोडाच."

  कवळीवालीने आजोबाची लसीची वही पिशवीतून काढली आणि खिडकीशी उजेडात धरली. पाच निळ्या शाईत होता, जरा तिरका. तीन करायला किती, वरची रेघ तेवढी मोडायची, पोट तसंच ठेवायचं. अशी शाई तिच्या कामाच्या डब्यात होती. तिच्या हाताला ते काम केव्हाच कळलं होतं. अंगठा आणि बोट आपोआप बारीक कुंचला धरल्यासारखे जवळ आले. तिने वही मिटली. पुन्हा उघडली.

"सापडलं तर?" तिने विचारलं, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाचा होता.

"दंड भरू."

"दंड माणसाला, आई. कुत्र्याला पिंजरा. चार महिने ठेवून घेतात, डॉक्टरबाईंनी सांगितलं. हा दोन दिवस जेवत नाही माझ्याशिवाय."

सासूबाईंनी आजोबाकडे पाहिलं. तो टेबलाखाली झोपला होता आणि त्याचे पाय झोपेत चालत होते. "मग ठेव माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "नाही जेवला तर मीही नाही जेवणार. दोघं म्हातारे उपाशी बसू, तुला फोनवर शिव्या घालू."

"म्हणूनच ठेवत नाही."

वही तिने पिशवीत टाकली आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर, स्टूल घेऊन, अगदी मागे. मग दवाखान्यात परत जाऊन राहिलेले आठ दात बसवले. दोन वाकडे बसले. उपटून पुन्हा बसवले.

नवरा साडेपाचला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या काळोखात दोऱ्या आणि ग्रीस, त्यामुळे घरी आला की त्याला खुर्चीपलीकडे कुठेही जायची इच्छा नसे. "मी दिवसभर वर-खाली करतो," तो म्हणायचा, "आडवं जायची हौस तुझी." तरी नकाशा त्यानेच आणला होता आणि देशांना तो मजले म्हणायचा. पहिला मजला, दुसरा मजला. तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी हात धुतले, मग ऐकलं.

"म्हणजे तीन मजल्यांपर्यंत गाडी नीट," तो म्हणाला. "चौथ्यावर दार उघडत नाही."

"तुला थट्टा सुचते."

"थट्टा नाही, समजून घेतोय. घाट कुठं सुरू होतो?"

तिने बोट ठेवलं. तिसऱ्या देशाच्या काठावर एक लहान गाव होतं, तिथे सीमेची चौकी. चौकीपलीकडे लगेच चढ. अठ्ठेचाळीस वळणं, माथा, उतार.

तो नकाशावर वाकला. भिंगरी नकाशाच्या लोंबणाऱ्या कोपऱ्यावर उड्या मारत होती, त्याने तिला एका हाताने थोपवून धरलं. "ह्या गावात खोली मिळेल," तो म्हणाला. "मी आजोबाला घेऊन तिथं बसतो. तू भिंगरीला घेऊन वर जा. सकाळी निघ, संध्याकाळी ये. गाडी तशीही तूच चालवतेस, मला वळणावर मळमळतं."

"माझ्याशिवाय तो जेवतो का?"

"तुझ्याशिवाय दोन दिवस जेवत नाही. एक दिवस चालेल, दुपारचं एकच तर जेवण चुकेल. संध्याकाळी तू येतेसच."

"आणि तू? एवढ्या लांब येऊन तू घाट बघणार नाहीस?"

"खालून दिसेल की."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' फार लवकर आलं होतं. नऊ वर्षं ती सांगत आली होती की सगळ्यांनी जायचं, माथ्यावर सगळ्यांनी उभं राहायचं, आजोबाने तिथलं वारं हुंगायचं. निदान एकदा तरी 'छे, तुम्हाला सोडून कशी जाऊ' म्हणायला हवं होतं. तो शब्द तिने तोंडात शोधला, सापडला नाही. ती एकटी वर जाईल, मागे नुसती कुत्री असेल, कुणी काही बोलणार नाही, आणि खाली रस्ता सांडलेला दिसेल. एवढंच तिला दिसत होतं.

"विचारही नाही केलास," नवरा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. नुसतं बघत होता.

"केला होता. बहुतेक मागच्याच वर्षी."

"मला सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आत्ता वाटतंय ते काय आहे मग?"

पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "जाऊ दे रे तिला एक दिवस. इथं फरशीला तेवढीच उसंत."

नवरा हसला, पण अर्धवटच. त्याने पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिने चौथ्या देशातले पाच दिवस खोडले. तळ्याकाठचा मुक्काम गेला, जुना पूल गेला, जंगलातली खोली गेली. त्या जागी एक छोटी रेघ वर काढली आणि तीच रेघ परत खाली. मग त्या गावाभोवती गोल केला आणि लिहिलं, 'दोघं इथे'. अक्षर नेहमीसारखं बारीक आलं नाही.

"संध्याकाळी किती वाजता परत?" त्याने विचारलं.

"सहा."

"सहा लिही मग."

तिने सहा लिहिलं. त्याने आकडा वाचला, मान हलवली, आणि नकाशाच्या घड्या घालायला घेतल्या. चुकीच्या घातल्या. तिने त्या दुरुस्त केल्या नाहीत.

आजोबा टेबलाखालून उठला, दारापर्यंत गेला, तिथे उभा राहिला आणि कुठे जायचं होतं ते विसरल्यासारखा मागे वळून तिच्याकडे बघू लागला. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला. सकाळी टोचलं तिथे बोराएवढी गाठ आली होती, बोट लागताच त्याने अंग चोरलं.

खाली गल्लीत कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. ती स्वयंपाकघरात गेली, बटाट्याच्या साली पिशवीत लोटल्या, पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं, आणि चपला सरकवून जिना उतरायला लागली.