वरच्या आळीची यादी

कुंदावहिनींकडे तक्रार घेऊन जायचं तर पायात धड चपला असाव्या लागत. माणूस अर्ज पुढे करी, पण त्या तो वाचतही नसत. "कागद ठेव. आधी दाखव," म्हणत आणि उठून चालू लागत. गटार तुंबलेलं असो की नळ कोरडा पडलेला असो, तक्रारदाराला पुढे घालून त्या थेट जागेवर जात. भांडुपच्या आमच्या टेकडीवर पायऱ्या म्हणजे एकावर एक टाकलेले दगड. अर्ध्या वाटेत तक्रारदारालाच धाप लागे आणि काही जण 'तेवढं तातडीचं नाही हो वहिनी' म्हणून मागे फिरत. तक्रारी कमी करायची ही युक्ती झकास आहे, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. जो वरपर्यंत येतो त्याचं दुखणं खरं असतं, एवढंच म्हणाल्या.

मी गावकर. कारखान्यात टाइमकीपर होतो. कारखाना बंद पडला आणि वहिनींच्या ऑफिसात बसू लागलो. माझ्याकडे खातं मतदारयादीचं. कोणत्या आळीत किती मतं, कोण गावाला गेलंय, कोण वारलंय, कोणाची सून नव्याने नोंदवायची आहे, हे सगळं मला पाठ. लोक मला 'यादीवाले गावकर' म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. माणूस समोर आला की मला त्याच्या नावाआधी त्याचा यादीतला क्रमांक आठवे. हा गुण आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

वहिनी राजकारणात आल्या त्या अपघातानेच. खरे उमेदवार धुरीदादा, त्यांचे यजमान आणि माझे मित्र. दादांनी पंधरा वर्षं बॅनर बांधले, सतरंज्या उचलल्या, आणि तिकीट मिळायच्या वेळेला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मग फॉर्मवर वहिनींचं नाव आलं. सगळे धरून चालले की सही बाईंची आणि कारभार दादांचा. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरने त्यांच्यामागे दाराकडे बघत विचारलं, साहेब नाही आले? वहिनी म्हणाल्या, "साहेब घरी भात लावतायत. तुम्ही माझ्याशी बोला." आणि ते खोटं नव्हतं. दादांनी खरंच भात लावला होता, आणि पुढेही बरीच वर्षं तेच लावत होते. त्यांनी ते आनंदाने केलं असं मी म्हणणार नाही, पण भात मात्र उत्तम करायचे.

महापौरपद त्यांना मिळालं तेही दोन मोठ्यांच्या भांडणात. पहिल्याला दुसरा नको, दुसऱ्याला पहिला नको, आणि ह्यांच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. झगा आला, दिव्याची गाडी आली, पांढऱ्या कपड्यांतला ड्रायव्हर आला. गाडी टेकडीखाली उभी राही आणि महापौरबाई पदर खोचून वर चढत. आमच्या पक्षातल्या एकाने त्यांना सुचवलं की आता जरा पदाची शान सांभाळावी. त्यावर वहिनींनी जे सांगितलं ते मी अजून लोकांना ऐकवतो. "पद म्हणजे भाड्याची खोली रे. रंग लाव, झाडलोट कर, पण खिळे ठोकू नको. सोडताना त्रास होतो."

पुढे त्या आमदार झाल्या. अगदी थोडक्या मतांनी झाल्या आणि त्या थोडक्या मतांचा हिशेब मला पाठ होता. ती मतं वरच्या आळीची. टेकडीच्या माथ्याजवळ, सरळ उभ्या कड्याच्या पायथ्याशी घरांच्या दोन रांगा, सगळी मालवण-कुडाळकडची माणसं, गिरण्या बंद झाल्यावर परळ-लालबागहून इकडे आलेली. माझ्या भाषेत सांगायचं तर यादीचे दोन भाग, आणि दोन्ही आमचे. तिथे प्रचाराला गेलं की चहा प्यायचा आणि उतरायचं, एवढंच काम असे.

कड्याची माती खाली येऊ नये म्हणून त्या घरांमागे एक संरक्षक भिंत होती. ती वहिनींनीच, महापौर असताना, बांधून घेतलेली. भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी, आणि आमच्या कार्यअहवालात त्या भिंतीचा फोटो पहिल्या पानावर. दर पावसाळ्याआधी पालिका घरं खाली करायची नोटीस दारावर चिकटवी, लोक ती काढून चुलीत घालत, आणि आम्ही सगळे, वहिनीसुद्धा, भिंत आहे ना, असं म्हणून मोकळे होत असू. नोटीस मनावर घ्यायची नाही आणि माणसं हलवायची नाहीत, ही आमची सगळ्यांचीच चूक होती. ज्याने हलवलं त्याची मतं गेली, हे शेंबडं पोरही सांगेल.

निवडणुकीच्या वर्षी, मार्चमध्ये, वरच्या आळीतल्या राणेकाकू ऑफिसात आल्या. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. म्हणाल्या, मोरीचा दरवाजा लागत नाही. असल्या तक्रारीसाठी आमदाराला टेकडी चढायला लावणं मला काही पटेना, पण वहिनी उठल्याच. मीही मागून गेलो. मोरीचा दरवाजा लागत नव्हता, कारण चौकट वाकली होती. चौकट वाकली होती, कारण घराची मागची भिंत म्हणजे तीच संरक्षक भिंत, आणि ती पुढे आली होती. वहिनींनी भिंतीवर हात ठेवला, मग रांगेतल्या प्रत्येक घरात जाऊन तसाच हात ठेवला. मधल्या सहा-सात घरांत भिंतीला पोट सुटलं होतं. लोकांनी त्यावर कॅलेंडरं टांगली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पाऊस लागायच्या आत वरच्या दोन्ही रांगा रिकाम्या करायच्या. सरकारी इमारती खाडीकडे तयार होत्या. तिथली घरं मिळवण्यासाठी त्या मंत्रालयात रोज जाऊन बसल्या. अधिकारी जेवायला गेला तर त्याच्या दाराबाहेर डबा उघडून जेवल्या. विधानसभेत त्यांनी हा प्रश्न मांडला तेव्हा मंत्री म्हणाले, माहिती घेऊ. ह्या उभं राहून म्हणाल्या, माहिती कशाला घेता, चला, दाखवते. सभागृह हसलं, पण महिन्याभरात घरं मंजूर झाली.

अडचण एकच होती, आणि ती फक्त मला दिसत होती. खाडीकडचा भाग दुसऱ्या मतदारसंघात होता. माणसं तिकडे गेली की त्यांची नावंही तिकडे जाणार. म्हणजे आमदारकी गेली. मी वहिनींना यादी उघडून दाखवली. सहा महिने थांबा, निवडणूक होऊ दे, दिवाळीनंतर हलवा, इतकी वर्षं उभी आहे ती आणखी एक पावसाळा काढेल, असं परोपरीने सांगितलं. त्या ऐकून घेत आणि कामाला लागत.

मग मी जे केलं ते सांगायला हवं. एका रविवारी मी एकटाच वर गेलो. चाळ कमिटीला बसवलं आणि सांगितलं, घर सोडायच्या संमतीपत्रावर घाईने सह्या करू नका, सही केलीत की घर गेलं, वहिनींचाच निरोप आहे. माणसांना तेच ऐकायचं होतं. पुढच्या आठवड्यात एकही कागद सही होऊन आला नाही.

वहिनी मला घेऊन वर चढल्या. राणेकाकू ओट्यावर बसलेल्या.

"कुंदा, तू माका हयसून खंय धाडतंस गो?"

"जित्ती रवशीत थंय धाडतंय."

"मगे ह्यो गावकर सांगान गेलो, सही करू नकात, तुझोच निरोप म्हणान. खरा कोणाचा मानायचा आमी?"

वहिनींनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझंच सांगायचं चुकलं, असं काकूंना म्हणाल्या आणि उतरू लागल्या. चारचौघांत त्यांनी मला उघडं पाडलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात आल्यावर त्यांनी यादी माझ्यासमोर ठेवली. वरची आळी वाचा, म्हणाल्या. मोठ्याने. मी वाचत गेलो, नाव, वय, घर क्रमांक. दोन्ही भाग संपले तेव्हा घसा कोरडा पडला होता.

"झाली सगळी?"

"झाली."

"पोरं कुठायत, भावजी?"

मला कळलंच नाही.

"अठराच्या खालची तुमच्या यादीत नसतात. ती पण त्याच भिंतीला पाठ लावून झोपतात. तुम्ही इतकी वर्षं मोजताय, एकदा तरी मोजलीत का?"

नव्हती मोजली. माझ्यासारख्या हुशार माणसाला, क्रमांक तोंडपाठ असलेल्याला, ती पोरं कधी दिसलीच नव्हती. त्या संध्याकाळी मी वही घेऊन वर गेलो आणि घरोघर पोरांची नावं लिहिली. लिहिताना ज्याच्या त्याच्या आईबापाला सांगितलं की निरोप माझा होता, वहिनींचा नव्हता. शिव्या खाल्ल्या, त्या हक्काच्या होत्या. मग सह्या येऊ लागल्या. राणेकाकूंनी अंगठा सगळ्यात शेवटी दिला. मे संपायच्या आत टेम्पोत भांडी, देव्हारे आणि गणपतीचे पाट भरून दोन्ही रांगा खाली उतरल्या. पालिकेने घरं पाडून कुंपण घातलं.

आणि भिंत पडली नाही.

जून गेला, जुलै गेला. पाऊस धो धो पडला, पण ती जागची हलली नाही. विरोधी उमेदवार प्रत्येक सभेत बोट वर करून विचारी, कुठे पडली हो भिंत? बाईंनी गरिबांना उगाच देशोधडीला लावलं. लोक हसत. आपलेही हसत. मी रोज सकाळी खिडकीतून टेकडीकडे बघत असे. आता तिथे कोणी राहत नाही, मग हिला पडायला काय झालं? एक रात्र जोराचा पाऊस पडू दे आणि ही कोसळू दे, म्हणजे आम्ही जिंकलो, असा मी देवाला नवससुद्धा बोललो होतो.

वहिनी हरल्या. जितकी मतं खाडीकडे गेली त्यापेक्षा कमी मतांनी हरल्या. मतमोजणीहून परत आल्यावर दादांनी सगळ्यांना पिठलंभात वाढला. जेवताना मला राहवलं नाही आणि मी माझा नवस त्यांना सांगून टाकला. वहिनींनी हातातला घास खाली ठेवला.

"पडली असती तर जिंकले असते, खरंय. पण मग पुढच्या वेळेला जिंकायला मी कुठली भिंत पडायची वाट बघत बसले असते? त्यापेक्षा मी खोटी ठरले ते बरं." मग म्हणाल्या, "जेवा, भात निवतोय."

त्यानंतर त्यांना तिकीट मिळालं नाही. मागितलंही नाही त्यांनी. अर्ज घेऊन येणारे कमी झाले, पण जे येत त्यांच्यासोबत त्या गुडघे दुखेपर्यंत चालत राहिल्या. तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या तापाने गेल्या. मला त्यांची आठवण रोज येते. रागही येतो, कारण माझ्यासारख्याला त्यांनी म्हातारपणी कामाला लावून ठेवलंय.

कुंपण केव्हाच मोडलं. भिंतीखाली पुन्हा पत्र्याची घरं उभी राहिलीत, नवी माणसं आहेत, कुठून कुठून आलेली. भिंत अजून तशीच पोट सुटलेली. ती पडू नये असं आता मलाही वाटतं, अगदी मनापासून वाटतं. दर मे महिन्यात मी काठी घेऊन वर जातो, दारोदार सांगतो, पोरांची नावं लिहून घेतो आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन देतो. यंदा एका घरातल्या तरुण बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

कुठल्याच नाही, म्हणालो.

"मग कशाला एवढे चढून येता? इतकी वर्षं झाली, ती भिंत काय पडली नाय ना?"

"नाही पडली," मी म्हटलं. "म्हणून तर सांगायला येता येतंय."